फेलाची आई, एवढंच? महिला पुरवण्यांच्या संपादकांना खुलं पत्र

मराठी दैनिकांच्या आणि संकेतस्थळांच्या महिला पुरवण्या सांभाळणाऱ्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या आठ मार्चला तुमच्यापैकी एकांनी नायजेरियाच्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्यावरचा माझा लेख छापला. छापला म्हणजे त्याची चौकट केली. लेख मागवून घेतलेला होता, ठरलेल्या शब्दसंख्येत होता आणि वेळेवर पाठवलेला होता. छापून आला तो पानाच्या उजव्या कोपऱ्यात. वर हिऱ्यांच्या दागिन्यांच्या मजुरीवर सूट, खाली पैठण्यांचा सेल. मथळा होता, ‘आफ्रिकेची सावित्रीबाई : फेला कुटीची आई’. मजकुरात तीनच गोष्टी शिल्लक होत्या. नायजेरियात मोटार चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई, त्यांचा मुलगा जगप्रसिद्ध गायक, आणि सैनिकांनी त्यांना खिडकीतून खाली फेकलं. शेजारी फोटो होता तो गळ्यात मण्यांच्या पसरट माळा घातलेल्या एका मसाई तरुणीचा. मसाई लोक केनिया-टांझानियाचे. नायजेरिया खंडाच्या दुसऱ्या अंगाला आहे.

मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ आदबीने बोलले, ते मान्य करते. म्हणाले, “ताई, तो कर, तो तांदूळ, त्या निवडणुका, सगळं काढावं लागलं. महिला पुरवणीत एवढं जड चालत नाही.”

हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. त्या दैनिकाचं नाव मी घेत नाही, कारण हे वाक्य त्यांच्या एकट्याचं नाही. वेगवेगळ्या कचेऱ्यांतून वेगवेगळ्या शब्दांत मी ते ऐकलेलं आहे आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्या बहुतेक बायकांनी ऐकलेलं आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगते. मी आफ्रिकेची अभ्यासक नाही. आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात भाजी, सुकी मासळी, लसूण-मिरची विकणाऱ्या बायकांचा एक वर्ग मी चालवते. सुरुवात सही शिकवण्यापासून झाली, पुढे बाजाराच्या पावत्या वाचण्यावर आली, आणि आता ज्या दिवशी जे हाती लागेल ते आम्ही वाचतो. फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांची गोष्ट मी त्या वर्गात सांगितली होती. लेख त्यातूनच झाला. त्यामुळे ‘एवढं जड चालत नाही’ हे कुणाला चालत नाही, असा प्रश्न मला पडणं साहजिक आहे.

तुम्ही काय कापलंत ते आधी वाचकांसमोर ठेवते. म्हणजे मागण्या कशासाठी आहेत ते कळेल.

नायजेरियाच्या नैर्ऋत्येला ओलुमो नावाच्या खडकाच्या आसऱ्याने वसलेलं आबेओकुटा हे शहर आहे. योरुबा लोकांतल्या एग्बा शाखेचं. तिथे २५ ऑक्टोबर १९०० रोजी फुनमिलायो जन्मल्या. आबेओकुटा ग्रामर स्कूलने १९१४ साली पहिल्यांदा मुली घेतल्या, त्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. १९१९ साली इंग्लंडला शिकायला गेल्या, १९२२ साली परतल्या, आणि परतल्या त्या फ्रान्सेस ॲबिगेल ही बाप्तिस्म्याची नावं मागे टाकून. १९२५ साली इस्रायल ओलुडोटुन रॅन्सम-कुटी या पाद्री शिक्षकाशी लग्न झालं. नवराही साधा नव्हता. नायजेरियन शिक्षक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. इथवरची गोष्ट सुशिक्षित घरातल्या सुशिक्षित बाईची. सुरुवातीचा त्यांचा महिला क्लबही तसाच होता, शिकलेल्या ख्रिस्ती बायकांचा, शिवणकाम-स्वयंपाक-शिष्टाचारवाला. तो तसाच राहिला असता तर तुमच्या पुरवणीला काहीच कापावं लागलं नसतं!

मग १९४४ च्या सुमारास बाजारातल्या बायका तिथे लिहायला-वाचायला शिकायला येऊ लागल्या, आणि शिकता शिकता बोलू लागल्या. दुसरं महायुद्ध चालू होतं. सरकारी माणसं बाजारात येत, तांदूळ विकणाऱ्या बायकांचा माल जप्त करत, मोबदला धड देत नसत. फुनमिलायोबाई १९४५ साली हे गाऱ्हाणं घेऊन अधिकाऱ्याकडे गेल्या. तिथे काही झालं नाही, तेव्हा वर्तमानपत्राकडे गेल्या. बातमी छापून आली आणि जप्ती थांबली. संपादक मंडळींनो, तुमच्या धंद्याच्या दृष्टीनेही या गोष्टीत काही होतं, पण तीही कापली गेली.

त्यानंतर क्लबची ‘आबेओकुटा महिला संघटना’ झाली. साल १९४६. पाटीवरचं नाव तेवढं बदललं असं समजू नका. सभासद आता प्रामुख्याने बाजारकरणी होत्या. वीस हजार वर्गणीदार सभासद असल्याचा संघटनेचा दावा होता. फुनमिलायोबाईंनी पाश्चात्त्य पोशाख सोडला आणि बाजारातल्या बायकांसारखं योरुबा पद्धतीचं वस्त्र गुंडाळायला सुरुवात केली. सभांत योरुबातच बोलायच्या. इंग्रजी उत्तम येत असताना. गोऱ्या साहेबाला कळायचं असेल तर त्याने दुभाषा आणावा.

आता तो ‘जड’ भाग. कर.

इंग्रजांनी आपल्याकडे संस्थानिक ठेवले होते, गादी त्यांची आणि दोरी रेसिडेंटच्या हातात, तसाच प्रकार त्यांनी नायजेरियात केला. (तिथे ही पद्धत रुजवणारा लुगार्ड साहेब जन्मला होता मद्रासला. असो.) आबेओकुटाच्या गादीवरच्या राजाला अलाके म्हणत. अलाके दुसरा आडेमोला याला इंग्रजांनी एकट्यालाच सगळे अधिकार देऊन ठेवले होते, आणि करवसुली त्याच्यामार्फत चाले. १९१८ पासून एग्बा मुलखात थेट कर होता आणि तो बायकांवर स्वतंत्रपणे लावलेला होता. नवऱ्याने भरला म्हणून बायकोची सुटका नाही. मुलग्यांच्या आधी, पंधराव्या वर्षीच मुलींवर कर लागू होई. एखादी मुलगी पंधराची झाली का हे ठरवायला वसुलीवाले तिचे कपडे उतरवून अंग पाहत, अशा तक्रारी नोंदलेल्या आहेत. हा मजकूर माझ्या लेखात तीन ओळींत होता. तो कुणाला जड वाटला असेल तर मला समजू शकतं, वाचवत नाहीच. पण खिडकीतून फेकण्याचं वाक्य मात्र ठेवलंत.

कर द्यायचा, पण कर ठरवणाऱ्या परिषदेत बाई एकही नाही. संघटनेची घोषणा सरळ होती: प्रतिनिधित्व नाही तर कर नाही. ऑक्टोबर १९४६ मध्ये बायकांचं शिष्टमंडळ अलाकेकडे गेलं. कर कमी व्हायचा तो उलट वाढला. मग मोर्चे सुरू झाले. मोर्च्याला परवानगी मिळेना, तेव्हा बायकांनी सांगितलं की आम्ही सहलीला चाललो आहोत. सहलीला परवानगी कशाला लागते? अश्रुधुराचं नळकांडं येऊन पडलं तर डोळे कसे झाकायचे, ते उचलून परत कसं भिरकवायचं, याच्या तालमी घेतल्या गेल्या. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस दहा हजारांवर बायका राजवाड्याबाहेर ठिय्या देऊन बसल्या, रात्रभर बसल्या, अलाकेची खिल्ली उडवणारी गाणी गात बसल्या. डिसेंबरात पुन्हा आल्या, आणि या वेळी जास्त वेळ थांबल्या.

त्यांच्या मागण्या काय होत्या, हे माझ्या दृष्टीने लेखाचं काळीज होतं. बायकांवरचा कर रद्द करा एवढंच त्या म्हणत नव्हत्या. पैसा हवा असेल तर युनायटेड आफ्रिका कंपनीसारख्या परदेशी व्यापारी कंपन्यांवर कर लावा, असं त्या म्हणत होत्या. स्वच्छ पाणी द्या, दवाखाने द्या, शिक्षण द्या, असं म्हणत होत्या. आणि सरकार देईपर्यंत हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या; साक्षरतेचे वर्ग, विणकामाची सहकारी संस्था, बाळंतिणी आणि मुलांसाठी दवाखाना हे संघटनेने स्वतः चालवलं. समाजसेवा आणि राजकारण हे तुमच्याकडे दोन वेगळ्या पानांवर असतं. आबेओकुटात ते एकाच वहीत होतं.

१९४८ साली बायकांवरचा कर स्थगित झाला. अलाकेला शहर सोडावं लागलं, आणि जानेवारी १९४९ मध्ये त्याने गादी सोडली. हंगामी परिषदेत चार बायका बसल्या, त्यांत फुनमिलायोबाई होत्या.

हे मी आमच्या वर्गात सांगितलं तेव्हा लसूण विकणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “मग तो राजा परत आला का नाही?” आला होता. डिसेंबर १९५० मध्ये परत आणून बसवला. मावशी म्हणाल्या, “येणारच की. आमच्याकडचा पावतीवाला ठेकेदारबी बदलून गेला आन् दुसऱ्या वर्षी भावाच्या नावानं आला.” यानंतर पुढचा तासभर बाजार फी कोण ठरवतं, नगरपरिषदेत तो ठराव कधी होतो आणि तो पाहायला कसा मिळेल यावर वर्ग चालला. या बायकांना जड काही झालं नाही. चौकट छापून आल्यावर मी तीही त्यांना वाचून दाखवली. ऐकून घेतली आणि एकीने विचारलं, “आन् कराचं?”

आता तक्रारी. पहिली मथळ्याची.

‘फेला कुटीची आई’. फेला मोठा माणूस, त्याचं संगीत मी आवडीने ऐकते. दुसरा मुलगा ओलिकोये बालरोगतज्ज्ञ आणि पुढे नायजेरियाचा आरोग्यमंत्री, तिसरा बेको डॉक्टर आणि मानवी हक्कांसाठी तुरुंगात गेलेला कार्यकर्ता. थोरली मुलगी डोलुपो. चारही मुलांची ही आई होती हे सांगायला हरकत नाही, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सांगा. पण अलाके पायउतार झाला तेव्हा फेला दहा वर्षांचा होता. त्या वेळी तो फुनमिलायोबाईंचा मुलगा म्हणून ओळखला जात होता. तुम्ही कुठल्या पुरुष पुढाऱ्याची ओळख ‘अमक्या गायिकेचे वडील’ अशी मथळ्यात देता का, एकदा जुने अंक चाळून पाहा.

दुसरी तक्रार ‘आफ्रिकेची सावित्रीबाई’ची. यात मला जास्त बोलायचं आहे, कारण यात हेतू चांगला असतो. वाचकाला ओळखीचं काहीतरी द्यावं, असं तुम्हाला वाटतं. पण मग वाचकाला वाटतं की आपल्याला हे सगळं आधीच माहीत आहे, आणि तो पान उलटतो. सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्या वेळी फुनमिलायोबाईंचा जन्मही झालेला नव्हता. दोघींची कामं वेगळी, शत्रू वेगळे, हत्यारं वेगळी. एकीने जातीच्या उतरंडीला हात घातला, दुसरीने वसाहतीच्या करवसुलीला. शिवाय आफ्रिका हा एक देश नाही, तिथे पन्नासच्या वर देश आहेत. त्या सगळ्यांना मिळून एकच सावित्रीबाई पुरेल, हा हिशेब कुठला? आणि खरं सांगू का, सावित्रीबाईंचंही तुम्ही हेच केलेलं आहे. ‘पहिल्या शिक्षिका’ म्हटलं की तुमचं काम झालं. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी आणि जोतीरावांनी उघडलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाला दर वर्षी किती ओळी मिळतात?

‘पहिली’ हा शब्द तिसरी तक्रार. पहिली मोटार चालवणारी, पहिली अमुक, पहिली तमुक. मोटारीचा मान त्यांचा की आणखी कुणाचा यावर वाद आहे, पण वाद नसता तरी फरक पडत नाही. मोटार असणं हा पैशाचा भाग होता. बाजारातल्या हजारो बायकांनी शिकलेल्या घरातल्या एका बाईवर विश्वास टाकावा, हा कामाचा भाग होता. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जाणारं वाक्य तुम्ही ठेवलंत आणि ज्यातून काही शिकता येईल ते कापलंत.

चौथी तक्रार, त्यांचे पराभव काढून टाकल्याची. फुनमिलायोबाई आयुष्यात कुठल्याही विधिमंडळावर निवडून गेल्या नाहीत. १९४७ साली नायजेरियाचं एक शिष्टमंडळ स्वराज्याच्या मागण्या घेऊन लंडनला गेलं, त्यात त्या एकट्या बाई होत्या. तिथल्या एका डाव्या दैनिकात त्यांनी लिहिलं की इंग्रज येण्याआधी आमच्या बायकांना व्यापारात, मालमत्तेत, राज्यकारभारात जे स्थान होतं ते इंग्रजी अमलात गेलं. घरी परतल्यावर त्यावरून टीकाही सोसली. एवढं करून १९५१ साली पश्चिम प्रांताच्या विधानसभेला उभ्या राहिल्या. मतदान थेट नव्हतं, पायरीपायरीने निवडलेल्या मतदारमंडळाचं होतं. हरल्या. १९५३ साली त्यांनी देशभरातल्या महिला संस्थांचा महासंघ बांधला, बायकांना सरसकट मताधिकार मागितला. पूर्व प्रांतात तो मिळाला. पश्चिमेत त्यांच्या स्वतःच्या मुलखात मिळाला तो फक्त कर भरणाऱ्या बायकांना. ज्या बाईने बायकांच्या डोक्यावरचा कर उतरवला, तिच्यापुढे सरकारने मताची किंमत म्हणून करच ठेवला. उत्तरेतल्या बायकांना तर १९७६ पर्यंत मत नव्हतं.

१९५९ साली त्यांच्याच पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. त्या अपक्ष उभ्या राहिल्या, मतं फुटली, पक्षाने काढून टाकलं. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, तोही फार टिकला नाही. मला विचाराल तर पक्ष सोडून उभं राहणं हा निर्णय चुकला. ज्या संघटनेवर त्यांची ताकद होती तिची फूट त्यात उघडी पडली. पण हे मत मांडायला आधी ती माहिती छापलेली असावी लागते. पक्षासाठी दहा-पंधरा वर्षं घासल्यावर तिकीट दुसऱ्याला जातं, हा अनुभव घेतलेल्या बायका तुमच्या वाचकांत आहेत. प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना एक हरलेली, पण न संपलेली बाई का दाखवायची नाही?

चीनला जाऊन आल्या म्हणून त्यांच्या पासपोर्टचं नूतनीकरण नाकारलं गेलं, अमेरिकेने व्हिसा नाकारला. पुढे सन्मानही आले: १९६५ साली राष्ट्रीय किताब, १९६८ साली इबादान विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, १९७० साली लेनिन शांतता पुरस्कार. ही यादी तुम्ही कापली त्याचं मला दुःख नाही. पुरस्कारांच्या याद्या कापाव्यातच.

पाचवी तक्रार खिडकीची. १८ फेब्रुवारी १९७७ ला लागोसमधल्या फेलाच्या घरावर सुमारे हजार सैनिक चालून आले. घर जाळलं, माणसांना मारहाण केली, आणि शहात्तर वर्षांच्या फुनमिलायोबाईंना वरच्या मजल्याच्या खिडकीतून फेकलं. त्यातून त्या सावरल्या नाहीत. १३ एप्रिल १९७८ ला गेल्या. हे तुमच्या चौकटीत होतं, नव्हतं ते पुढचं: चौकशी झाली आणि ठपका ठेवला गेला तो ‘अज्ञात सैनिका’वर. लष्करी राजवटीचे प्रमुख तेव्हा ओबासांजो होते, ते स्वतः आबेओकुटा भागातले. फेलाने आईची शवपेटी नेऊन लष्करी राजवटीच्या मुख्यालयाच्या दारात ठेवली. तुमच्या चौकटीत एक म्हातारी बाई खिडकीतून पडते आणि वाचकाला हळहळ वाटते. कुणी फेकलं, कुणाच्या हुकमाने, कोण सुटलं, यातलं काही विचारावंसं वाटू नये अशा बेताने ते वाक्य लिहिलेलं आहे.

फोटोबद्दल फार लिहीत नाही. मसाई तरुणी छान दिसत होती. चूक कळवली, त्याला आता बरेच दिवस झाले, खुलासा आलेला नाही.

एक तक्रार मात्र तुमच्या पुरवणीबाहेरची आहे, पण तुमच्याच कचेरीतली. मराठी वाचकाला ‘नायजेरियन’ हा शब्द कुठे भेटतो? पान तीनवर. ‘नायजेरियन टोळी जेरबंद’, ‘नायजेरियन तस्करास अटक’. गुन्हा असेल तर बातमी हवीच. पण त्याच दिवशी पकडलेल्या इतरांचा प्रांत आणि वंश मथळ्यात येत नाही. २०१३ साली गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, आणि राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. नवी मुंबईत, नालासोपाऱ्यात, गोव्यात भाड्याने खोली शोधणाऱ्या नायजेरियन माणसाला कसली उत्तरं मिळतात, ते तिथल्या कुठल्याही एजंटला विचारा. वर्षातून एकदा, आठ मार्चला, या देशातली एक बाई पान तीन सोडून दुसरीकडे येणार होती. ती आली केनियातल्या कुणाचा तरी चेहरा घेऊन.

आणि हे जुनं प्रकरण आहे, आता त्याचं काय, असंही कुणी म्हणेल. १ मार्च २०२२ रोजी, म्हणजे महिला दिनाच्या बरोबर आठवडाभर आधी, नायजेरियाच्या संसदेने बायकांसाठी राखीव जागांची घटनादुरुस्ती फेटाळली. अबुजात संसदेच्या दारात बायका निदर्शनाला बसल्या. ३६० जणांच्या तिथल्या कनिष्ठ सभागृहात आजही बायकांची संख्या विशीत पोहोचत नाही. त्या वर्षीच्या कुठल्याही मराठी महिला पुरवणीत मला याची ओळ दिसली नाही. राखीव जागा हा विषय महाराष्ट्रातल्या बायकांना नवा नाही. निम्म्या जागांवर त्या पंचायतींत बसलेल्या आहेत. त्यांना हे वाचायला आवडलं असतं.

मागण्या साध्या आहेत. पैसे वाढवून मागत नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्याचं पत्र वेगळं लिहीन.

मागवून घेतलेला लेख निम्म्याहून जास्त कापायचा असेल तर छापण्याआधी लेखिकेला दाखवा. ती नको म्हणाली तर परत करा. मथळ्यात बाईचं स्वतःचं नाव घाला. मुलगा, नवरा, वडील आणि दुसऱ्या देशातली थोर बाई यांना मजकुरात जागा द्या. फोटो कुणाचा, कुठला, हे खात्री करून छापा, आणि चुकलं तर त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात खुलासा द्या. गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचं राष्ट्रीयत्व मथळ्यात घेण्याचा नियम सर्वांना एक ठेवा, नाहीतर कुणालाच लावू नका. शेवटची मागणी मोठी आहे: कर, बाजार, पाणीपट्टी, तिकीटवाटप, मतदारयादी हे विषय महिला पुरवणीत वर्षभर येऊ द्या. सौंदर्य आणि पाककृती काढा असं मी म्हणत नाही. मलाही पाककृती लागतात. त्यांच्या शेजारच्या पानावर बाजार फीचा लेख आला तर पान फाटणार नाही.

आणि ‘वाचकांना जड होतं’ हे ठरवण्याआधी एकदा वाचकांना विचारा. आमचा वर्ग बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी चारला बसतो, तुमच्यापैकी कुणालाही यायला मनाई नाही. फक्त मावशी प्रश्न विचारतील, आणि चौकटीवरून विचारतील.

मूळ लेख या पत्रासोबत पुन्हा पाठवते आहे, पूर्ण. ज्यांना छापायचा असेल त्यांनी जरूर छापावा, मानधन नाही दिलंत तरी चालेल. तांदळाचा परिच्छेद काढायचा झाला तर मात्र आधी फोन करा.

आपली,
तुमच्या पुरवण्यांची जुनी वाचक आणि अधूनमधूनची लेखिका